'हरकती व सूचना'मधली हरकत नेमकी कुठली?

कोथरूडहून: रस्तारुंदीची नोटीस पेपरात आली. शेवटी नेहमीचंच, 'हरकती व सूचना लेखी कळवाव्यात'. शेजारचे हिंदी भाषक काका हसले, "तुमच्याकडे सरकारच हरकती करायला सांगतं?" त्यांची हरकत म्हणजे आगळीक. आपली आक्षेपावर कशी गेली?

सदाशिव पेठेतून: अरबीत हरकत म्हणजे हालचाल. हिंदीत ती वात्रटपणाकडे झुकली, मराठीत अडथळ्याकडे. गवयाची हरकत, म्हणजे सुरांची चपळ हालचाल, तेवढी मुळाच्या जवळ राहिली. 'काही हरकत नाही' असं उठताबसता म्हणणारे आपण, त्याच 'ना हरकत' दाखल्यासाठी चार खेटे घालतो! 'सूचना'ही दुतोंडी: फलकावरची वरून खाली येते, हरकतीच्या जोडीची खालून वर जाते. म्हणजे, जावी.

मला खरा शब्द वाटतो तो 'मसुदा'. हाही अरबी, मूळ अर्थ 'काळा केलेला'. कागद काळा होताना आपण तिथे नसतो. झाला की हरकतीला बोलावणं येतं. कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवायचा असं केंद्राने 2014 मध्ये ठरवलं, पण तोही काळा झालेलाच.

औंधहून: मसुदा जाणकारानेच करावा. गटाराचा उतार मतदानाने ठरत नाही.

सदाशिव पेठेतून: कबूल. पण जाणकार कोण? तत् + ज्ञ = तज्ज्ञ (दोन ज, कृपया), 'ते' जाणणारा. 1966 च्या नगररचना कायद्यात हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीवर स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. जुन्या पुण्याच्या विकास आराखड्यावर या दोन गटांनी वेगवेगळे अहवाल दिले, आणि 2015 मध्ये सरकारने आराखडाच स्वतःकडे घेतला. पावसाळ्यात गटार कुठे उलटतं हे जिला पाठ आहे, ती चाळीतली काकूही त्या 'तत्'ची ज्ञ. तिला समितीवर कोण घेतो?

औंधहून: त्यासाठी क्षेत्रसभा, म्हणजे शहरातल्या मतदारांची ग्रामसभाच, आहे ना कायद्यात?

सदाशिव पेठेतून: आहे. 'ग्रामसभेला चाललो' असं गावात सहज ऐकू येतं. 'क्षेत्रसभेला चाललो' म्हणणारा पुणेकर मला अजून भेटायचाय.

कोथरूडहून: आज अर्ज देऊन आलो. आवकच्या खिडकीवर विचारलं, "हरकत की सूचना?" म्हटलं, दोन्ही. "मग दोन अर्ज करा." शेवटी हरकतीची पोच घेतली. सूचना पिशवीतच आहे.