३१ डिसेंबरचं दूरदर्शन गेलं? बरं झालं!

कोपऱ्यातली_खुर्ची

परवा इथे 'मुक्तछंद' यांचा लेख आला. सार असं की दूरदर्शनचा ३१ डिसेंबरचा गाण्यांचा कार्यक्रम गेला, दिवाळीचे खास कार्यक्रम गेले, आणि त्यांच्यासोबत घरानं एकत्र बसणंही गेलं. आताच्या पोरांना सणाचं म्हणून गाणंच उरलं नाही. खाली पन्नासेक जणांनी डोळे पुसले. मी तिथेच दोन ओळी लिहायला गेले, पण हात थांबेना, म्हणून हा वेगळा धागा.

आमच्या लालबागच्या चाळीत आमच्या मजल्यावर एकच टीव्ही. चार पायांचा, लाकडी शटरचा. त्या घरच्या बाई रविवारच्या सिनेमाला चार आणे घ्यायच्या आणि ३१ तारखेला आठ आणे, कारण 'आज उशिरापर्यंत आहे'. आम्हा दोघा भावंडांत पैसे एकालाच मिळायचे. मग अर्धा कार्यक्रम भाऊ आत आणि मी गॅलरीतल्या खिडकीशी, नंतर अदलाबदल. खिडकीतून पडद्याची फक्त डावी बाजू दिसायची. उषा उथुप यांचा आवाज पूर्ण आणि साडी अर्धी, तीही काळीपांढरी, असा माझा 'एकत्र बसण्याचा' अनुभव आहे. आई? ती त्याच घरात आत बटाटेवडे तळत असायची. तिला तिकीट नव्हतं आणि पडदाही नव्हता.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९९२ मध्ये खासगी वाहिन्या घरात शिरल्या. म्हणजे सगळा खेळ वीस वर्षांचा, आणि तुम्ही 'परंपरा' असं म्हणता की जणू शिवकालापासून चालत आली होती! दुसरं काही लावताच येत नव्हतं म्हणून सगळे तेच बघत होते. केबलवाल्यानं वायर टाकली त्या रात्री हीच एकत्र कुटुंबं दुसरीकडे वळली. कार्यक्रम कुणी मारला नाही. आपणच मारला, बसल्या जागेवरून.

---

मुक्तछंद

धागा माझ्याच नावाचा आहे, तेव्हा हजेरी लावतो.

ताई, आठ आणे त्या बाईंनी घेतले. राग दूरदर्शनवर कशाला? पुण्यात आमच्या वाड्यात कुणी छदाम घेतला नाही. सिंहगडाच्या मनोऱ्यावरून चित्र यायचं आणि मुंग्या आल्या की मी गच्चीवर. खालून ओरडा, "आलं... आलं... गेलं!" अँटेना धरून मी निम्मे कार्यक्रम ऐकलेत, पण तक्रार नाही.

'दुसरं काही नव्हतं' हा टोमणा मी कौतुक म्हणून घेतो. आवडीचं गाणं ऐकायचं तर आधीची गझल ऐकावी लागायची, तिच्याआधीचं कोळीनृत्य बघावं लागायचं. आजोबांना शेरॉन प्रभाकरचं पॉप सोसावं लागायचं आणि मला पीनाझ मसानीची गझल. त्या सोसण्यात कान तयार झाला. आज माझा मुलगा सातव्या सेकंदाला गाणं बदलतो. त्याला न आवडणारं गाणं त्याच्या कानावर पडतच नाही. हे तुम्हाला 'बरं झालं' वाटत असेल तर धन्य आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा

चालू द्या तुमचं मुंबई-पुणे. राजेहो, आमच्या गावात टीव्हीच १९८४ नंतर आला, जेव्हा देशभर दिवसाला जवळपास एक या वेगानं मनोरे उभारले जात होते. आला तो दिल्ली घेऊन आला. वरळीच्या मुंबई केंद्रात कोण काय गायलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळे, अन् पेपरही दुपारच्या एसटीनं. तुमच्या 'अख्खा महाराष्ट्र एकत्र बसायचा' यात आम्ही कधी होतो बाप्पा?

---

छावणी_बालक

दोन्ही बाजूंना थोडं थोडं खोडतो.

वडील फौजेत, आम्ही तेव्हा जालंधर छावणीत. ३१ डिसेंबर १९८० च्या रात्री जालंधर केंद्रावर एक तरुण डफली घेऊन आला आणि 'दिल दा मामला है' गायला. गुरदास मान. दुसऱ्या दिवशी आमचा दूधवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, मेसमधला स्वयंपाकी, सगळे तेच गुणगुणत होते. एका रात्रीत माणूस घराघरात पोहोचला. वर ताई म्हणतात की सगळे नाइलाजानं बघत होते. असेल. पण अनोळखी माणसाचं नवं गाणं सगळ्यांनी एकाच वेळी ऐकणं ही गोष्ट त्याच नाइलाजातून झाली ना? आज तसा माणूस दिसायला तुम्हाला आधी त्याचं नाव माहीत असावं लागतं.

आणि मुक्तछंद, 'दुसरं काही नव्हतं' हे आम्हाला लागू नाही. पंजाबात सीमेपलीकडचं लाहोरही दिसायचं. तिकडची नाटकं सोडून लोक इकडचं गाणं बघत बसले. म्हणजे कार्यक्रमात दम होता.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

छावणी_बालक, गुरदास मान दिले तुम्हाला. एक. वीस वर्षांत, देशभरातल्या सगळ्या केंद्रांत मिळून एक. आणखी असतील तर मोजा, मी बोटं उघडून बसलेय.

मुक्तछंद, तुमच्या वाड्यात छदाम घेतला नाही, कारण वाडा तुमचा होता. दारातून कोणाला आत घेतलं आणि कोणाला पायरीवरच बसवलं, तेही लिहा एकदा.

---

मुक्तछंद

आता वाडा काढायचा तर काढा. घामानं बांधलेला आहे, हरामाचा नाही. गाण्यावर बोलताना माझ्या आजोबांच्या पायरीपर्यंत पोहोचलात, अभिनंदन.

(पायरीवर बसवायचे. हो. पण लिहायला लावल्याबद्दल आभार मानणार नाही.)

---

निवृत्त_तबलजी

मी अशा रात्रींना वाजवलेलं आहे, म्हणून बोलतो. कुठल्या स्टुडिओत ते सांगत नाही, पेन्शनीतले मित्र अजून तिथे चहाला जातात.

पहिलं, ती रात्र नसायचीच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीन वाजता आम्ही नवं वर्ष साजरं करायचो. प्रेक्षक म्हणजे स्टाफच्या बायकामुलं, डोक्यावर कागदी टोप्या. निर्माता ओरडायचा, "आनंद दाखवा, आनंद!" एकदा 'बारा वाजले' म्हणून सगळे नाचायला लागले आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ पावणेचार दाखवत होतं. पुन्हा घेतलं.

दुसरं, वादक बसलेले असायचे. बारा-चौदा माणसं, व्हायोलिनं, बासरी, दोन तबले, ढोलकी. आता दिवाळीच्या खास भागात मालिकेतल्या सुना हिंदी ट्रॅकवर नाचतात आणि एखादा गायक असलाच तर तोही ओठ हलवतो. आमच्यातले चौघे आज लग्नात वाजवतात, एकानं पोळीभाजी केंद्र काढलंय.

तिसरं, तो कार्यक्रम आता शोधू नका. टेप महाग, कपाटं भरलेली. वापरलेलीच पुसून पुन्हा वापरायची. मी वाजवलेल्या सात ३१ डिसेंबरांपैकी एकही शिल्लक नाही.

---

फडके_रोड

इतकं रडगाणं कशाला? खास कार्यक्रम मेला नाही, पत्ता बदलला. दिवाळी पहाट बघा. नाट्यगृहं, मैदानं, देवळांची पटांगणं, नरक चतुर्दशीला उटणं लावून लोक गाणं ऐकायला जातात. आमच्या डोंबिवलीत गणपती मंदिराच्या रस्त्यावर पहाटे पाय ठेवायला जागा नसते, आणि सगळी तरुण पोरं. खरे वादक, खरे गायक. तबलजीबुवा, तुम्हीही वाजवत असालच.

---

पहाटेची_झोप

आलं दिवाळी पहाटेचं कौतुक! याचीच वाट बघत होते.

माझं घर अशाच एका मैदानाला लागून आहे. मी रुग्णालयात नर्स, दिवाळीत हमखास रात्रपाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशीची सकाळ. पावणेपाचला 'हॅलो, चेक, वन टू' सुरू. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वाचा: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा लावता येत नाही. सणासाठी सवलत मिळते ती मध्यरात्रीपर्यंत, पहाटेची नाही. नाट्यगृहात करा, दारं लावून गा, माझं काही म्हणणं नाही. गेल्या वर्षी आमच्या इथल्या मंडळाला सांगायला गेले तर म्हणे, "ताई, संस्कृती आहे."

---

फडके_रोड

वर्षातून एक दिवस! एक! डीजे वाजतो तेव्हा कुठे असतात हे नियम? भक्तिगीतानं झोपमोड होते म्हणजे कमाल आहे.

---

पहाटेची_झोप

डीजेलाही विरोध करते, माझ्या तक्रारींची फाइल आहे, दाखवू? आणि 'एक दिवस' कुठला? चार दिवस, चार पक्ष, चार मंडप. तुमच्या आईला सलाइन लावायला उद्या मीच असेन, चार तास झोपून आलेली. शीर सापडली नाही तर भूप ऐकवीन.

---

फडके_रोड

आईवर जाऊ नका.

---

निवृत्त_तबलजी

थांबा दोघंही.

हो, वाजवतो मी पहाटेला. पैसे मिळतात, वेळेवर मिळतात, हे आधी कबूल. पण पहिल्या पाच रांगा पासवाल्या. पास नगरसेवकाच्या कार्यालयात. सोफ्यावर जे बसतात ते सव्वासातला फराळाचं पाकीट घेऊन निघतात, आणि ज्यांना गाणं ऐकायचंय ते दोरीमागे उभे. मागे शोभेचा आकाशकंदील आणि त्यावर साहेबांचा फोटो. मध्यंतरात सत्कार पंचवीस मिनिटं, तबला गार, पुन्हा सुरात लावा.

आणि गाणी? तीच. मोजून पंधरा-वीस. एकदा आमच्या गायिकेनं स्वतःची नवी चाल म्हटली तर आयोजक विंगेतून हात जोडतो, "मॅडम, ओळखीचं घ्या ना." माझं दुःख ते आहे. टीव्हीवर कागदी टोप्या होत्या, खोटं घड्याळ होतं, पण 'शब्दांच्या पलीकडले'सारख्या कार्यक्रमात नवी कविता, नवी चाल यायची. पहाट ही जुन्या गाण्यांची पुण्यतिथी झाली आहे.

---

फडके_रोड

पासांचं मान्य. बाकी काही मान्य नाही. नवी गाणी लोकांनाच नको असतात, त्याला आयोजक काय करणार?

---

एदोगावाकर

तोक्योहून लिहितोय. तुम्ही मैदानातून परत येईपर्यंत मूळ विषयाकडे वळतो.

इथे एनएचकेचा, म्हणजे इथल्या दूरदर्शनचा, 'कोहाकु उता गास्सेन' असतो. ३१ डिसेंबरला, बायका लाल संघात, पुरुष पांढऱ्या, साडेचार तास गाणी. १९५१ ला रेडिओवर सुरू झाला, मग टीव्हीवर आला. १९६३ ला कांतो भागात (तोक्यो आणि आसपास) त्याचा प्रेक्षक ८१.४ टक्के होता. २०२३ ला उत्तरार्धाला ३१.९ टक्के, तोवरचा नीचांक. रडगाणंही हुबेहूब आपलंच: आजीला नवी मुलं ओळखू येत नाहीत, नातवाला एन्का, म्हणजे इथली जुन्या वळणाची भावगीतं, झोपेची गोळी.

तरी बंद केला नाही. माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, त्या रात्री सोबा (इथल्या शेवया) उकडतात आणि मला वर बोलावतात. नात फोनमध्ये, पण त्याच खोलीत. तिचा बँड आला की मान वर. पावणेबाराला गाणी संपतात आणि पडद्यावर थेट देवळाची घंटा. मला दहावं वर्ष आहे. एन्का कळत नाही अजून, पण उठवतही नाही तिथून.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

८१ वरून ३२ म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की.

---

एदोगावाकर

तीनातलं एक घर अजून बसतंय, तेही हातात सगळं जग असताना. आठ आण्यांचा नाइलाज नाही हा.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

बरं. हे जरा लागलं.

मुक्तछंद, तुमचा लेख अजूनही गुळमट वाटतो. पण त्या कंसातल्या ओळीसाठी एक पायरी खाली उतरते, तुमच्याच वाड्याची. पीनाझ मसानी मलाही त्या खिडकीतूनच ठाऊक झाली, हे लपवण्यात अर्थ नाही.

तबलजीकाका, एक विचारू? ८१ की ८२ ची रात्र. उषा उथुप. आई गेल्या वर्षी गेली, तिनं तर काहीच पाहिलं नव्हतं. मला निदान पडद्याची उजवी बाजू बघायची होती. कुठेच नसेल?

---

निवृत्त_तबलजी

बाई, मी होतो तिथली असेल तर नाही. मार्चपर्यंत तीच टेप बाहेर निघायची. त्यावर बहुधा भातावरचा करपा आणि त्याचा बंदोबस्त आला असेल.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाताचा? कपाशीचा नाही ना? पाहा, तिथंही विदर्भ नाही.