पीपॅप (नवा पार्ट गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घ्यायची फाइल) दुसऱ्यांदा परत आला. मदत हवी आहे, तातडीने

भोसरीचा_पाना: शनिवारपर्यंत सबमिट करायचाय. गिऱ्हाइकाच्या एसक्यूएनं (सप्लायरची क्वालिटी बघणाऱ्या माणसानं) फाइल दुसऱ्यांदा परत पाठवली. शेरा एवढाच: 'पीपीके कमी, एमएसए बघा.' (पीपीके म्हणजे मापं ठरलेल्या हद्दीत किती आरामात बसतात त्याचा आकडा, एमएसए म्हणजे मोजण्याचीच तपासणी.) शंभरच्या शंभर पीस ड्रॉइंगमध्ये आहेत, मग कमी कसला? कुणाकडे तयार एक्सेल आहे का?

सेटरकाका: पार्ट कुठला, माप कुठलं, पीपीके किती? काहीच न सांगता काय कप्पाळ सांगणार?

भोसरीचा_पाना: लेव्हल ३ (सगळ्या कागदपत्रांसकट), नेहमीचीच. पिन आहे, सेंटरलेस ग्राइंडरवर काढतो. पीपीके ०.४२.

आयएटीएफवाला: आयएटीएफचं (वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या मानकाचं) सर्टिफिकेट आहे का तुमच्याकडे? आधी ते घ्या. आम्ही घेतल्यापासून ऑडिटला चहा पिऊन जातात लोक.

सेटरकाका: अहो, ते विचारलंय कुणी? पाना, माप सांगा.

भोसरीचा_पाना: बाहेरचा व्यास, १२ मिमी, टॉलरन्स (मापात चालणारी सूट) एच ७.

नवाइंजिनीअर: म्हणजे १२.०० ते १२.०१८ ना?

सेटरकाका: तो बोअरचा (भोकाचा), मोठा एच. पिनला छोटा एच: १२.००० ते ११.९८२. मोजलं कशानं?

भोसरीचा_पाना: मायक्रोमीटरनं. नवाकोरा आहे, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसकट.

सेटरकाका: लीस्ट काउंट? कमीत कमी किती वाचता येतं त्यावर?

भोसरीचा_पाना: ०.०१.

सेटरकाका: झालं! अख्खी टॉलरन्स १८ मायक्रॉनची आणि तुमच्या मायक्रोमीटरचं एक घर १० मायक्रॉनचं. शंभर रीडिंगमध्ये ११.९९ आणि १२.०० सोडून तिसरा आकडा आहे का बघा.

भोसरीचा_पाना: ११.९८ आहे, चार ठिकाणी.

सेटरकाका: ११.९८ म्हणजे ड्रॉइंगच्या बाहेर. कुठे गेले तुमचे शंभरच्या शंभर?

भोसरीचा_पाना: ते वाचण्यात गोल झालंय. गो-नोगो गेजला (माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या) सगळे पास होतात!

सेटरकाका: तेच तर म्हणतोय, तो फरक पिनचा की मायक्रोमीटरचा हे तुम्हालाच कळत नाहीये. गेज आरअँडआर (मोजण्यामुळेच किती फरक पडतो त्याची चाचणी) किती आलं?

भोसरीचा_पाना: मागच्या पार्टचं लावलं होतं.

जुगाडू: कशाला डोकं लावताय? आकडे बसवा एक्सेलमध्ये, १.३३ आणा, मोकळे व्हा. सगळेच करतात.

सेटरकाका: आणि वॉरंटवर (फाइलसोबतच्या हमीपत्रावर) सही शेठची, तुमची नव्हे. लाइनवर पिन अडकली की माल उचलायला कोण जाणार? शिवाय १.३३ नाही, १.६७. एआयएजीच्या (अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेच्या) पीपॅप पुस्तकाच्या २००६ च्या चौथ्या आवृत्तीत साफ लिहिलंय. मधला आला तर गिऱ्हाइकाला विचारायचं.

जुगाडू: आमचं गिऱ्हाईक १.३३ घेतं. पुस्तक पुस्तकाच्या जागी.

सेटरकाका: घेत असेल, विचारून. पाना, पीस कुठून उचलले? सलग ३०० काढले होते का?

भोसरीचा_पाना: ट्रेमधून चांगले बघून घेतले.

सेटरकाका: 🙏

उधारीग्रस्त: पीपॅप मंजूर होऊन पैसे तरी वेळेवर येतात का? एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत. आमचे ११० झाले.

जुगाडू: त्याला वेगळा धागा काढा राव.

भोसरीचा_पाना: शेजारच्या युनिटकडे एअर गेज (हवेनं माप घेणारं) आहे, पण रिंग १२.५ ची. चालेल का?

सेटरकाका: नाही. ०.००१ चा डिजिटल मायक्रोमीटर आणा. आधी तीन माणसं, दहा पीस, प्रत्येकी तीन वेळा. आरअँडआर १० टक्क्यांच्या आत आलं तर उत्तम, ३० च्या वर गेलं तर तिथेच थांबा. मग सलग रन घ्या, व्हील ड्रेस केल्याची (ग्राइंडिंगचा दगड साफ करून धार काढल्याची) वेळ लिहून ठेवा आणि त्यातल्या शंभरांचा पीपीके काढा.

भोसरीचा_पाना: शनिवारपर्यंत??