कोरियात राहायचंय? आधी खोलीचं बघा
पुण्यातल्या कोरियन लोकांशी ओळख कशी करायची असं विचारलं की काही जण म्हणतात, ते आपसातच राहतात. हे मत रांजणगावच्या कारखान्यांत बदलीवर आलेल्या साहेबांच्या कुटुंबांपुरतं पटतं. विद्यार्थ्यांचं तसं नाही, त्यांना इंग्रजी बोलायला कोणीतरी हवंच असतं. पहिल्याच भेटीत वय विचारलं तर दचकू नका, त्यावरून कुणाशी किती अदबीने बोलायचं ते ठरतं. फक्त सिरियलींवरून प्रश्नांची सरबत्ती नको, कंटाळतात बिचारे.

आता तिकडे शिकायला जायचं असेल तर माझ्या कोरियन मैत्रिणीने सांगितलेलं ऐका: सोलमध्ये भाड्याच्या घराला आधी घसघशीत अनामत लागते, म्हणून बरेच विद्यार्थी गोशिवॉनमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या खोल्यांच्या स्वस्त वसतिगृहात राहतात. पलंग आणि टेबल टाकलं की खोली संपली, स्वयंपाकघर सामायिक. कोरियन सरकारची जीकेएस (ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप) शिष्यवृत्ती मिळाली तरी पहिलं वर्ष भाषेचंच. टोपिकची, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेची, तिसरी पातळी गाठल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पाचवी आधीच असेल तर ते वर्ष वाचतं.