प्रतिसाद: पाँटियाकच्या भिंती

अमेरिकेतल्या रूट ६६ या जुन्या महामार्गावरच्या गावांतली भित्तिचित्रे म्हणजे पर्यटकांसाठी फासलेला रंग, असे या चर्चेत एकाने म्हटले आहे. मला ते पटत नाही. इलिनॉयमधले पाँटियाक बघा. शिकागोपासून साधारण १६० किलोमीटर. १९२६ चा हा महामार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून गेला. त्याआधीच वाहतूक शेजारच्या इंटरस्टेट ५५ या नव्या महामार्गावर वळली होती. अशा गावात २००९ साली 'वॉलडॉग्ज' म्हणवणारे पाटीरंगारी जमले आणि मोजक्या दिवसांत त्यांनी अठरा भिंती रंगवल्या. पूर्वी भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्यांना हेच नाव होते.

त्यांची पद्धत आपल्याला परकी वाटणार नाही. कागदावर चित्र काढायचे, रेषांवर भोके पाडायची, कागद भिंतीला लावून त्यावरून भुकटीची पुरचुंडी आपटायची. छापाच्या रांगोळीसारखे ठिपके उमटतात, मग ब्रश. जवळ गेलात की रंगाखालची वीट न् वीट, मधल्या खाचा दिसतात. मी तर हात फिरवून पाहिला!

जुन्या अग्निशमन केंद्रातल्या संग्रहालयामागे रूट ६६ चे भलेमोठे बोधचिन्ह रंगवले आहे, सगळे फोटो तिथेच काढतात. काढा, पण तिथेच उभी असलेली बॉब वॉल्डमायर यांची बस चुकवू नका. आयुष्यभर याच रस्त्याची चित्रे काढणारा हा माणूस शाळेच्या जुन्या बसचे घर करून राहिला. २००९ मध्येच ते वारले. मी त्या बसपाशी बराच वेळ रेंगाळलो.