निर्वासितांच्या छावण्यांवर सरकारने आणखी खर्च करावा का?

चादरवाला_साखरपेठ
सुताच्या कामाने तामिळनाडूतल्या इरोडला माझं जाणं-येणं असतं. तिथल्या व्यापाऱ्याच्या गोदामाला रंग द्यायला आलेला एक पोरगा श्रीलंकन तमिळ निर्वासित. शिकलेला आहे, पण रंगकामच करतो. त्याच्या छावणीत गेलो. दहा बाय दहाची खोली, वर सिमेंटचा पत्रा, मधोमध साडीचा पडदा. अलीकडे आई-बाप, पलीकडे हा आणि बायको. संडास ओळीच्या टोकाला, त्यातल्या दोन संडासांना आतून कडी नाही. रात्री बायका एकट्या जात नाहीत.

श्रीलंकेतल्या 1983 च्या तमिळविरोधी दंगलीनंतर ही माणसं यायला लागली. अजून पन्नास हजारांवर लोक तामिळनाडूच्या सरकारी छावण्यांत आहेत, त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले. 2021 मध्ये स्टालिन सरकारने 7,469 घरं नव्याने बांधायचं जाहीर केलं, कुटुंबप्रमुखाचा महिन्याचा भत्ता 1,000 वरून 1,500 केला. मला विचाराल तर भत्त्याआधी घर. प्रत्येक घराला स्वतःचा संडास आणि आतून लागणारी कडी. तामिळनाडूला एकट्याला जमत नसेल तर केंद्राने पैसे घालावेत.

अशोकचौक_बे
उजनी धरण भरून वाहतंय आणि इथे सोलापुरात आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. तेही कधी पहाटे तीनला. आमच्या टॅक्समधून लंकेच्या लोकांना संडास? आधी आपलं बघा की बे.

चादरवाला_साखरपेठ
पाणी तुला मिळत नाही ते पाइपलाइनमुळे. त्यांचे संडास नाही बांधले म्हणून तुझ्या नळाला धार येणार आहे का?

विडीघरकुल_ताई
अशोकचौकवाल्यांचं बोलणं तिरकं आहे, पण मुद्दा मला पटतो. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात विडी कामगारांसारख्या गरिबांसाठी 30,000 घरांचा प्रकल्प, त्यातली 15,000 जानेवारी 2024 मध्ये ताब्यात दिली. ती कुणी फुकट नाही दिली ओ. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचे विड्या वळणाऱ्या बायांनी भरले. कित्येक वर्षं मोर्चे काढले. माझ्या सासूबाई दिवसाला हजार विड्या वळायच्या, तंबाखूनं छाती गेली, घर बघायला राहिल्या नाहीत. निर्वासितांना घर द्या, पण आमच्यासारखा त्यांनीही थोडा हिस्सा भरावा.

निवृत्त_मास्तर
ताई, हिस्सा भरायला कर्ज लागतं, कर्जाला कागद लागतात. गाडं तिथेच अडतं. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहेत, श्रीलंका नाही. हजेरीच्या दिवशी छावणीत नसलं तर भत्ता अडतो, मग लांबचं काम धरणार कसं? माझा घरांनाच विरोध आहे. पक्कं घर दिलं की सरकार हात झटकून मोकळं, आणि नागरिकत्वाचा अर्ज आणखी वीस वर्षं फायलीत. कागद द्या, घर ते स्वतः बघतील.

चादरवाला_साखरपेठ
आणि कागद येईपर्यंत सुनेनं पडद्यामागे बाळंत व्हायचं? मास्तर, तत्त्व बरोबर आहे, पण त्याचं भाडं दुसरंच कुणीतरी भरतंय.

होटगीरोड
सोयी वाढवल्या की माणसं हलत नाहीत, एवढंच मला कळतं.

चादरवाला_साखरपेठ
कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते. शाळा, दवाखाना, चर्च, सगळं होतं. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. जायला जागा मिळाली, गेले.

होटगीरोड
तो खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या नावावर होता, आपल्या नाही. कोलंबोला पाठवा की बिल!

विडीघरकुल_ताई
बिलाचं चालू द्या तुमचं. मास्तर, कागद नसतानाही बचत गटातून हिस्सा भरता येतो. आमच्यातल्या निम्म्या बायांकडे कुठे धड कागद होते? कडीला, संडासाला तुमचाही विरोध नाही ना? मग तेवढं तरी सरकारला पत्र लिहून मागू. मजकूर मी करते, सह्या कोण कोण देणार सांगा.

अशोकचौक_बे
खाली पाण्याचा मुद्दा टाका, मग माझी सही.