बिळातला पिंगळा कुणी पाहिला आहे का? आपापले अनुभव लिहा

चिंचेखाली

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीमागच्या चिंचेच्या ढोलीतून पिंगळ्याने डोके बाहेर काढले, माझ्याकडे रोखून पाहिले आणि जागचे न हलता दोनदा खाली-वर होऊन पुन्हा तसाच स्तब्ध बसला. पुण्यात पिंगळा काही दुर्मीळ नाही, पण ती लकब पाहताच माझे मन थेट फ्लोरिडातील केप कोरलच्या एका रिकाम्या प्लॉटवर जाऊन पोहोचले.

फेब्रुवारी 2014 मध्ये मी भावाकडे गेले होते. घुबड पाहायचे म्हणजे मान वर करून ढोल्या धुंडाळायच्या, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. तिथे मात्र वहिनीने माझा हात धरून मला खाली, गवतात पाहायला सांगितले. दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत चार पांढऱ्या नळ्या रोवून दोरी बांधली होती, मध्ये वाळूचा लहानसा ढीग होता आणि त्या ढिगावर वीतभर उंचीचा, पाव किलोही न भरणारा एक पक्षी लांबसडक उघड्या पायांवर उभा होता. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलेच तापले होते आणि तो पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे टक लावून पाहत होता. इंग्रजीत त्याला बरोइंग आऊल म्हणतात. मी त्याच दिवशी मनाशी त्याचे नाव ‘बिळातला पिंगळा’ ठेवले.

मी रस्त्याच्या कडेलाच बसून दुर्बिणीतून पाहत राहिले. बिळाच्या तोंडाशी वाळलेल्या गवताचे पुंजके, बाटलीचे एक बूच, चॉकलेटच्या चांदीचा तुकडा आणि कुत्र्याच्या विष्ठेचे सुकलेले गोळे मांडून ठेवले होते. थोड्या वेळाने बिळातून दुसरा पक्षी वर आला आणि त्याचा रंग पहिल्यापेक्षा स्पष्टच गडद होता. अंडी उबवताना मादी आठवडेच्या आठवडे अंधारात असते आणि नर बाहेर उन्हात पहारा देतो, त्यामुळे त्याची पिसे उन्हाने विटून फिकी पडतात, हे मी नंतर वाचले. वाचल्यावर त्या फिक्या नराविषयी मला फार आपुलकी वाटू लागली.

तुमच्यापैकी बरेच जण अमेरिकेत आणि इतरत्र आहात. हा पक्षी कुठे, कसा भेटला, ते सविस्तर लिहा.

तिन्हीसांजा

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॉल्टन सी सरोवराच्या आसपास, इंपीरियल व्हॅली नावाचा शेतीचा पट्टा आहे. राज्यातील या पक्ष्यांचा फार मोठा हिस्सा आज कालव्यांच्या आणि चाऱ्यांच्या याच बांधांवर राहतो. डिसेंबरमध्ये मी तिथे कच्च्या रस्त्याने हळूहळू गाडी चालवत होतो आणि ठराविक अंतराने बांधावर एकेक पक्षी उभा दिसत होता.

इथवर सगळे उत्तम होते. पण मला जवळचे छायाचित्र हवे होते, म्हणून मी गाडीतून उतरलो आणि बांधाच्या कडेने पुढे सरकत गेलो. पक्षी ताठ झाला, दोन-तीनदा खाली वाकून उठला आणि टुणकन बिळात शिरला. मी बिळापासून चार पावलांवर असताना आतून रॅटलस्नेकच्या शेपटीसारखा खर्रर्र असा लांबलचक आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मी जवळजवळ धावतच गाडीपाशी आलो. तिथे दुर्बीण लावून बसलेल्या एका वृद्ध पक्षीनिरीक्षकाने मला समजावले, की बिळात साप नसून तोच पक्षी आहे. कोंडीत सापडल्यावर तो सापाचा आवाज काढून कोल्ह्या-बिज्जूंना पळवून लावतो. मग अत्यंत सौम्य शब्दांत त्याने हेही सांगितले, की हा आवाज ऐकू आला याचा अर्थ तुम्ही त्याला कोंडीत पकडलेत.

तेव्हापासून मी गाडीतून उतरत नाही. गाडीची काच खाली करून शांत बसलो, तर हा पक्षी गाडीकडे फारसे लक्षही देत नाही.

पोळपाट

पोळ्या लाटता लाटता एका हाताने लिहिते आहे, म्हणून थोडक्यात विचारते. चिंचेखालीताई, बिळासमोर कुत्र्याची विष्ठा कशासाठी मांडलेली असते? आणि घुबडाला पिंगळा म्हटलेले चालते का? आमच्या आजोळी घुबड दिसले तर आजी दारात मीठ ओवाळून टाकत असे, पण ढोलीतल्या पिंगळ्याला मात्र ती कधी काही म्हणाली नाही.

चिंचेखाली

पोळपाट, नावाचे आधी सांगते. आपला ठिपक्यांचा पिंगळा आणि अमेरिकेतला हा पक्षी दोघेही अथेनी या एकाच वंशातील (इंग्रजीत जीनस) मानले जातात, म्हणून पिंगळा हे नाव त्याला परके नाही. शास्त्रीय नावातील ‘क्युनिक्युलारिया’ या भागाचा अर्थ भुयार खणणारा असा होतो. मात्र फ्लोरिडातील पक्षी वाळूत स्वतः बीळ खणतात, तर पश्चिमेकडचे बहुतेक पक्षी खारींनी, प्रेअरी डॉगनी किंवा बिज्जूंनी सोडलेल्या बिळांत संसार मांडतात.

विष्ठेबद्दल पूर्वी असे मानत, की तिच्या वासाने अंड्या-पिलांचा वास झाकला जातो. 2004 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात फ्लोरिडातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी काही बिळांसमोर शेण ठेवले आणि काही बिळांसमोरचे काढून घेतले. शेण असलेल्या बिळांतील पक्ष्यांनी शेणकिडे सुमारे 10 पट अधिक खाल्ले. वास झाकला जातो या समजुतीला मात्र आधार मिळाला नाही. म्हणजे हा पक्षी दारात आमिष मांडून भक्ष्य चालत येण्याची वाट पाहतो.

पोळपाट

आपण अंगणात सडा घालतो, तसा तो आपल्या दारात शेण मांडतो, हे वाचून मला अतिशय आनंद झाला. मुलीला आत्ताच वाचून दाखवले आणि तव्यावरची पोळी करपली.

वाळवंटी

मी फिनिक्सजवळ राहतो आणि गेली काही वर्षे या पक्ष्यांसाठी कृत्रिम बिळे करण्याच्या कामाला सुट्टीच्या दिवशी जातो. आमच्याकडे शेतजमिनींवर झपाट्याने घरे आणि गोदामे उभी राहत आहेत. बांधकाम सुरू होण्यापूर्वी तिथले पक्षी पकडून दुसरीकडे हलवावे लागतात. केव्ह क्रीक येथील वाइल्ड ॲट हार्ट ही संस्था हे काम करते, तर गिल्बर्ट गावातील झानहेरो पार्कमध्ये अशी कृत्रिम बिळे कुणालाही जाऊन पाहता येतात.

काम दिसायला साधे आणि करायला कष्टाचे आहे. पहार-फावड्याने चर खणायचा, त्यात तळाशी एक पालथी पेटी ठेवायची आणि तिथून जमिनीपर्यंत घड्याघड्यांचा प्लास्टिकचा नळ आणायचा. नळाला मध्ये वळण द्यावेच लागते, कारण पेटीपर्यंत उजेड पोहोचला तर पक्षी ती स्वीकारत नाहीत. वरून माती ओढायची, तोंडाशी दगड रचायचे आणि शेजारी उभे राहण्यासाठी एक खुंटी ठोकायची. पक्षी आणल्यावर त्यांना जाळीच्या तंबूत सुमारे महिनाभर ठेवतात, रोज उंदीर पुरवतात आणि जागेची ओळख पटली की तंबू काढून घेतात.

पहिल्या खेपेला मी तंबू काढायला हजर होतो. जाळी उचलल्यावर पक्षी भुर्रकन उडून जातील अशी माझी कल्पना होती. तसे घडले नाही. त्यातील एक मादी नळाच्या तोंडाशी आली, आमच्याकडे पाहून तिने मान इतकी तिरकी केली की तिचा एक डोळा खाली आणि एक वर झाला, आणि मग ती शांतपणे चालत खुंटीपाशी गेली. आम्ही सहा-सात माणसे होतो, पण कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता चिंता मांडतो. या जागा आज सुरक्षित आहेत, पण भोवतीची शेती गेली तर पक्ष्यांनी टोळ आणि उंदीर कुठे शोधायचे, हा प्रश्न आमच्या नळांनी सुटत नाही. बीळ करून देता येते, शिकारीचे रान करून देता येत नाही. माझ्या मते मूळ जागा वाचवणे हेच पहिले काम आहे आणि स्थलांतर हा नाइलाजाचा उपाय आहे.

सुगरण

वाळवंटीदादांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी माउंटन व्ह्यूमध्ये नोकरीला असताना दुपारचा डबा घेऊन खाडीकाठच्या शोरलाइन पार्कमध्ये जात असे. आजूबाजूला मोठमोठ्या कार्यालयांच्या काचेच्या इमारती आणि मध्येच गवतात, खारीच्या बिळाशी, एका पायावर डुलक्या घेणारा हा पक्षी, असे ते दृश्य होते. काही वर्षांनी मी पुन्हा गेले तेव्हा तीन फेऱ्यांत एकही दिसला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या आयोगाने या पक्ष्याला राज्याच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली उमेदवार म्हणून स्वीकारले, त्यामुळे अंतिम निर्णय होईपर्यंत त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. ती बातमी वाचली तेव्हा मी आगगाडीत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले.

डोंगरझाडी

माझ्या आईला घेऊन मी डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनल अभयारण्यात गेलो होतो, त्याची आठवण लिहितो. दुसऱ्या महायुद्धात या जागी रासायनिक शस्त्रे तयार होत असत आणि आज तिथे गव्यांसारखे बायसन चरतात. आई वाईहून प्रथमच इकडे आली होती आणि तिला पक्ष्यांमध्ये विशेष रस नव्हता.

जून महिना होता. आम्ही गाडीतच बसून प्रेअरी डॉगची वसाहत पाहत होतो. प्रेअरी डॉग म्हणजे कुत्रा नव्हे, तर जमिनीत बिळे करून शेकड्यांनी राहणारी गुबगुबीत खार. त्या बिळांपैकी एकाच्या तोंडाशी बिळातल्या पिंगळ्याची पाच पिले रांगेत उभी होती, उंचीने कमी-जास्त, जणू शाळेच्या प्रार्थनेला उभी केलेली मुले. इतक्यात एका प्रेअरी डॉगने किरट्या आवाजात इशारा दिला, आणि आकाशात ससाणा दिसण्यापूर्वीच पाचही पिले बिळात दिसेनाशी झाली. शेजाऱ्याच्या इशाऱ्यावर हे पक्षी लक्ष ठेवून असतात, असे मी वाचले होते. पण प्रत्यक्षात ते एका क्षणात घडले.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, हे तर वाड्यासारखं झालं. एकानं हाक दिली की सगळ्यांनी दारं लावायची.” त्यानंतर ती पिले परत वर येईपर्यंत तिने गाडी हलवू दिली नाही. आम्ही तिथे 50 मिनिटे बसलो. आई आता नाही. दर उन्हाळ्यात हे पक्षी दक्षिणेकडून परतले की मी तिथे एकदा जाऊन येतो.

चिंचेखाली

डोंगरझाडी, तुमच्या आईंचे वाक्य वाचून मी काही वेळ फोन खाली ठेवला. ते इथे लिहिलेत, यासाठी तुमचे आभार मानते.

गवताळ

माझा अनुभव न दिसण्याचा आहे. कॅनडात सॅस्कॅचवान प्रांतात राहायला आल्यावर मी या पक्ष्याच्या शोधात तीन उन्हाळे घालवले. इथे तो 1979 मध्ये धोक्यातील आणि 1995 मध्ये संकटग्रस्त ठरवला गेला. गवताळ माळ नांगरले गेले, बिळे करणारे प्राणी कमी झाले, शिवाय हा पक्षी हिवाळ्यात दूर दक्षिणेला जातो, त्या प्रवासात आणि तिकडच्या मुक्कामात किती टिकतात, हाही प्रश्न आहेच. 1987 पासून ‘ऑपरेशन बरोइंग आऊल’ या उपक्रमात इथले शेतकरी आपल्या जमिनीवरील घरट्याची जागा न नांगरण्याचे वचन स्वेच्छेने देतात.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी अशाच एका शेतकऱ्याच्या कुंपणाच्या खांबावर मला तो दिसला, तोही मावळतीच्या उजेडात जेमतेम तीन मिनिटे. तो दोन सुरांत ‘कू-कूऽऽ’ असे घुमला. त्या मोकळ्या माळावर तो आवाज किती एकटा वाटला, ते मला शब्दांत सांगता येत नाही. शेतकरी मला म्हणाला, की त्याच्या वडिलांच्या काळात असे आवाज चारही बाजूंनी येत असत.

दक्षिणायन

गवताळ यांचे वाचून जड वाटले, म्हणून ब्राझीलची चांगली बातमी सांगते. इथे या पक्ष्याला ‘कोरुजा बुराकेइरा’ म्हणतात आणि तो शहरांतील हिरवळीवर, विद्यापीठांच्या आवारांत, समुद्रकाठच्या वाळूत सहज दिसतो. आमच्या वसाहतीतील फुटबॉलच्या मैदानावर एका कोपऱ्यात, ध्वजाच्या काठीजवळ, एका जोडीने बीळ केले. मुले कोपऱ्यातून चेंडू मारायला गेली की नर डोक्यावरून झेपावत असे. मुलांनी आपसांत ठरवून पिले मोठी होईपर्यंत त्या कोपऱ्यातील फटका मधल्या रेषेजवळून घ्यायला सुरुवात केली आणि हा नियम बाहेरून खेळायला आलेल्या संघांनाही पाळावा लागला.

पोळपाट

हा नियम मी आमच्या सोसायटीच्या सभेत मांडणार आहे. आमच्याकडे पिंगळा नाही, पण टिटवीची अंडी दरवर्षी पार्किंगमध्ये असतात.

केपकोरलकर

चिंचेखालीताई, तुमचा प्लॉट कोणत्या भागातला होता ते मला ठाऊक नाही, पण 2014 मधले बरेच रिकामे प्लॉट आता बांधले गेले आहेत, हे तुम्हाला सांगणे भाग आहे. फ्लोरिडात हा पक्षी आता राज्याच्या धोक्यातील प्रजातींच्या यादीत आहे, आणि परवानगीशिवाय बिळाला हात लावता येत नाही. वीण 15 फेब्रुवारी ते 10 जुलै या काळात मानली जाते. त्या काळात आम्ही आमच्याकडच्या पाहुण्यांना बिळापासून किमान 33 फूट लांब उभे करतो. तुम्ही पाहिलेल्या नळ्या आणि दोऱ्या इथले स्वयंसेवकच लावतात, म्हणजे गवत कापणाऱ्याचे यंत्र बिळावरून जात नाही.

इथे ज्यांच्या दारात जागा आहे त्यांना बिळाची सुरुवात करून ठेवता येते. गेल्या वर्षी आम्ही ते केले. पुढच्या अंगणातील थोडी हिरवळ काढली, तिरका, उथळ खड्डा खणला, निघालेली वाळू तोंडाशी ढीग करून ठेवली आणि बाजूला टी आकाराची खुंटी रोवली. पुढचे खणकाम पक्ष्याने करायचे असते. चार महिने काहीच घडले नाही. शेजारी विचारत असत, की नळ फुटला आहे का.

मागच्या मंगळवारी सकाळी मी वृत्तपत्र घ्यायला बाहेर आलो, तर आमच्या ढिगावर ताजी, ओलसर, गडद वाळू उपसलेली होती. ती आमच्या फावड्याने निघालेल्या वाळूपेक्षा वेगळी, खोलवरची होती. तिच्यावर बारीक पावलांचे ठसे होते आणि खड्ड्याच्या तोंडाशी गवताची एक काडी आडवी ठेवलेली होती. पक्षी अजून दिसलेला नाही. आम्ही पुढचा दरवाजा वापरणे बंद केले आहे आणि गॅरेजमधून ये-जा करतो.