घरी बसलेला आचारी : तुमचे अनुभव लिहा

धागा काढायचं कारण माझा उजवा गुडघा. नाशिकला गंगापूर रोडच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये बारा वर्षं उभा आहे. गेल्या महिन्यात ओल्या फरशीवर घसरलो आणि लिगामेंट दुखावलं. सहा आठवडे घर, त्यातले तीन झाले.

आपल्या धंद्यात ही वेळ प्रत्येकावर येते. 2020 ला तर सगळेच बसलो होतो. पण एरवीही चातुर्मासात मुहूर्त नसतात, कुणी भाजतं, कुणाचं बाळंतपण येतं. आयटीवाल्यांना घरून काम करता येतं. चारशे पानांचा स्वयंपाक घरच्या दोन शेगड्यांवर होत नाही. मग हात चालू कसा ठेवायचा? तब्येत आणि मन कसं सांभाळायचं? ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी लिहा. जे फसलं तेही लिहा, मला त्याचाच जास्त उपयोग होईल.

लग्नाचा आचारी, पंचवटी

25 मार्च 2020, ऐन पाडव्याला लॉकडाऊन लागला. अक्षय्य तृतीयेपर्यंत नऊ लग्नं धरलेली होती, सगळ्यांचा बयाणा परत केला. पहिले पंधरा दिवस नुसता भिंतीकडे बघत पडून होतो.

मग मुलगी म्हणाली, "अण्णा, तुमचा मसालेभात मला लिहून द्या." म्हटलं, त्यात लिहायचं काय, अंदाज असतो. ती शेजारच्या वाण्याकडून वजनकाटा घेऊन आली. किलोभर तांदळाला मी घेतो तेवढा गोडा मसाला नेहमीसारखा मुठीत घेतला आणि पातेल्याऐवजी काट्यावर टाकला. 42 ग्रॅम. पुन्हा घेतला, 41. तिसऱ्यांदा 43. तीस वर्षं या हाताने वाढून काढली, पण हात इतका पक्का आहे हे मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून रोज एक पदार्थ मोजायचा असं ठरवलं. पहिलाच भात कडक राहिला. दीडशे माणसांचं पाणी भागून पाच माणसांना घातलं होतं, तिथे चुकलं. मोठं पातेलं काठोकाठ भरलेलं असतं, त्यातून पाणी त्या मानाने कमी उडतं. घरच्या पातेल्यातून भराभर उडून जातं. म्हणून वहीत दोन रकाने केले, एक घरचा आणि एक मंगल कार्यालयाचा. मठ्ठा, बटाट्याची भाजी, जिलबीचं पीठ किती तास आंबवायचं, सगळं उतरवलं. जिलबीला थंडीत आणि वैशाखात वेगळे तास लागतात, तेही लिहिलं. दोनशे पानी वही भरली. आता पुतण्या त्या वहीवर एकटा शंभर माणसांचा स्वयंपाक काढतो.

भाऊ, गुडघा दुखतोय, हात नाही. काटा मागवून घ्या.

पोळी-भाजी केंद्र, सातपूर

दिवसाला तीनशे पोळ्या लाटून अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. बाटलीचं झाकणसुद्धा उघडेना. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि महिनाभर लाटण्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

आधी फसलेलं सांगते. दहाव्या दिवशी नणंद आली म्हणून पट्टा काढून वीस पुऱ्या लाटल्या. दुखणं पहिल्या दिवसावर गेलं आणि महिन्याचे दोन महिने झाले. बरं वाटतंय आणि बरं झालंय यात फरक असतो, दादा. तुम्हीही जिना चढायची घाई करू नका.

बसल्या बसल्या हिशेब केला. एका किलो कणकेत आमच्या चाळीस पोळ्या होतात. त्यावर तेल, गॅस, मदतीच्या बाईंचा पगार धरला तेव्हा कळलं की भाकरी मी तोट्यात विकत होते. भाकरीला वेळ दुप्पट जातो आणि तो वेळ कधी धरलाच नव्हता. खाद्य नोंदणीचंही राहिलं होतं. मी केली तेव्हा वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असली तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची) साधी नोंदणी पुरायची. वर्षाला 100 रुपये फी होती. लेकीने मोबाइलवर भरून दिली.

कॉलेज रोडच्या एका रेस्टॉरंटमधला कुक

माझं झोपेवरून बिघडलं. किचन बंद व्हायला रात्रीचा एक, झोपायला तीन. घरी बसलो तरी तीनपर्यंत टक्क जागा. आणि संध्याकाळी सात वाजले की पाय आपोआप हलायला लागायचे. सर्व्हिसची वेळ अंगात भिनलेली असते ना. त्या वेळेला बाटली जवळ यायला लागली. हे इथे लिहितोय, कारण आपल्यातल्या बऱ्याच पोरांचं असंच होतं आणि कुणी बोलत नाही.

जुन्या शेफना फोन केला. ते म्हणाले, सातची वेळ मोकळी ठेवू नकोस, तिला काम दे. खालच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहतात. त्यांचा डबा रोज सातला करायला लागलो. कमी तिखट, कमी तेल, मऊ भाजी. हॉटेलात असं साधं कधी शिजवलं नव्हतं आणि ते सोपंही नाही. साध्या दुधी भोपळ्यात चूक लपवायला जागाच नसते. डबा देऊन आलो की आईबरोबर मांडी घालून जेवायचो. इतकी वर्षं उभ्यानेच गिळत होतो.

(धागाकर्ता : भाऊ, लिहिलंत ते फार बरं केलंत. मन खचत असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.)

मिसळवाला, मखमलाबाद रोड

तर्रीचं तेल मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं. पोरं टूथपेस्ट घेऊन धावली, मी हात नळाखाली धरला आणि वीस मिनिटं काढला नाही. डॉक्टर म्हणाले, त्यानेच वाचलात. पाच आठवडे घरी होतो. आईच्या शेजारी पाट टाकून बसलो आणि काळ्या मसाल्याचं भाजणं पुन्हा पहिल्यापासून बघितलं. खोबरं मी घाईत काढत होतो, एवढंच कळलं. पण तेवढ्याने रस्सा बदलला.

केटरिंगवाली, नाशिकरोड

एप्रिल 2021 मध्ये कोरोना झाला. ताप चार दिवसांत गेला, वास मात्र परतला नाही. जिभेला खारट, आंबट, तिखट कळायचं, पण जिरं की ओवा ते सांगता येत नव्हतं. वास नसलेल्या स्वयंपाकिणीला कोण बोलावणार? मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा व्यायाम दिला. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायचं, अर्धं मिनिट हळू हुंगायचं आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. दीड महिना काहीच नाही. मग आलं ते उलटंच. कांदा-लसणाची फोडणी सडल्यासारखी यायची, मळमळायचं. रडले. डॉक्टर म्हणाले, हे बरं होण्यातलंच आहे, सोडू नका.

त्या दिवसांत धाकटी जाऊ माझं नाक झाली. मी शिजवायचे, ती हुंगून सांगायची, "ताई, मसाला अजून कच्चा आहे." तिला सांगता यावं म्हणून मला नेमके शब्द शोधावे लागले. कच्चा वास म्हणजे कसा, भाजल्यावर काय बदलतं, हे तोवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता ती माझ्याबरोबर कामाला येते.

पाचव्या महिन्यात बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. आत तिने आमटीला फोडणी दिली आणि मी इथूनच ओरडले, "अगं, हिंग जास्त झालाय!"

कुणाला हा व्यायाम करायचा असेल तर लवंग दर पंधरा दिवसांनी नवी घ्या, जुनीचा वास उडतो. आणि अगरबत्तीचा गुलाब चालत नाही, अत्तर आणा.